विलायती घड्याळ, मुंबईचा लंबक

लंडनमध्ये अचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ मुंबईत आणून टांगलं, तर ते दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडतं. घड्याळ बिघडलेलं नसतं. विषुववृत्ताकडे येऊ तसं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि लंबक सावकाश झुलतो. १६७२ साली झ्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे मांडताना न्यूटनला ही नोंद उपयोगी पडली. माझ्यासारख्या लाकूडकाम करणाऱ्याला त्यातलं एवढंच पुरतं, की एका सेकंदाचा झोका घेणारा लंबक लंडनला ९९४ मिलिमीटरचा असेल, तर मुंबईत तो अडीच मिलिमीटरनं आखूड हवा. गोळ्याखालची चाकी फिरवायची, गोळा वर चढवायचा.

गोवंडीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी लाकडी घड्याळं करतो, आणि अधूनमधून स्टूल, मांडणी, देव्हारा असं फर्निचर. लोक विचारतात, घड्याळ हे घड्याळजीचं काम, त्यात सुताराचा काय संबंध? संबंध जुना आहे. समुद्रावर रेखांश शोधायला उपयोगी पडणारं घड्याळ करणारा जॉन हॅरिसन हा १६९३ सालचा जन्म, धंद्यानं सुतार. १७१३ मध्ये त्यानं केलेल्या पहिल्या घड्याळाची चाकं ओकच्या लाकडाची होती. पुढे ब्रॉकल्सबी पार्कच्या घड्याळात तर त्यानं लिग्नम व्हिटी नावाचं तेलकट लाकूड अशा जागी वापरलं, की तेल घालावंच लागू नये. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये अठराव्या शतकात शेतकऱ्यांची घरं बर्फात अडकली, की घरातच लाकडी घड्याळं तयार होत. अमेरिकेत एली टेरीनं १८०७ च्या सुमारास लाकडी चाकांची चार हजार यंत्रं तीन वर्षांत करून देण्याचा करार केला आणि तो पाळला. सुट्या भागांची अदलाबदल करता येईल असं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन म्हणतात, त्याच्या पहिल्या दाखल्यांपैकी हा एक. आणि तो लाकडात.

आपल्याकडे काळ मोजायचं भांडं तांब्याचं. तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर ठेवायचं, ते बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. लग्नाच्या मुहूर्ताला ते ठेवलं जाई. घटिकेची घडी झाली आणि घडीवरून घड्याळ. शब्द आपला, पण भिंतीवरचं यंत्र बाहेरून आलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं अॅन्सोनिया, श्रॅमबर्गचं युंगहान्स ही नावं जुन्या मराठी घरांतल्या तबकड्यांवर अजून वाचता येतात. अॅन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९ साली सोव्हिएत रशियाला विकली गेली, पण तिची घड्याळं आमच्याकडे दुरुस्तीला येतच राहिली.

माझ्याकडे आलेल्या काही घड्याळांत मशीन परदेशी आणि पेटी मात्र सागाची, इथल्या हातची असते. ती कोणी केली ते सांगता येत नाही. तबकडीवर कंपनीचं नाव, कधी विकणाऱ्या दुकानाचंही. पेटीच्या पाठफळीवर मात्र पेन्सिलची एखादी रेघ, दोन आकडे, फुलीची खूण. कुसू आणि खाच इतकी घट्ट, की सरस वाळून पूड झाला तरी जोड सुटलेला नाही. त्या माणसाला आपली सही करावी असं वाटलं नसेल, किंवा ती करायची असते हे कोणी त्याला सांगितलं नसेल.

मुंबईच्या सुतारांची कीर्ती झाली ती शिसवी फर्निचरवर. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून ते परदेशी जाई. मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, ही त्याची पेठ. माझं मत विचाराल तर त्यावरचं कोरीवकाम जरा अतीच. धूळ पुसता पुसता घरचे दमतील. पण पटाशीवरची हुकमत नाकारता येत नाही. आता २०१७ पासून शिसवाच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तो झाडासाठी बरा निर्णय, आणि आम्हाला जुनं लाकूड शोधण्याची सवय होतीच. पाडलेल्या चाळींच्या चौकटी, तुळया आणि दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचा साग यांवर आमचं बरंचसं काम चालतं. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड नव्यासारखं हलत नाही.

लंबकाची दांडीही मी लाकडाचीच करतो, आणि ती हौस नव्हे. दहा अंश उष्णता वाढली, तर पितळेच्या दांडीचं घड्याळ दिवसाला आठेक सेकंद मागे पडतं. रेषेच्या दिशेनं कापलेल्या लाकडाचं दोनेकच. लाकडाचा शत्रू उष्णता नाही, दमट हवा आहे, म्हणून दांडीला लाखेचे हात द्यायचे.

वेळेचाच घोळ मुंबईत पुष्कळ वर्षं होता. १ जानेवारी १९०६ ला देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिली. गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध दगड उचलले. महापालिकेनं तर १९५५ पर्यंत जुनी वेळ सोडली नाही. त्याच १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ पडले, ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवाशांना त्यावरून जायला १९२४ उजाडलं, आणि १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. त्याच्या शेजारी १९७० च्या दशकात शिवाजीनगर वसवलं गेलं. साधारण १० बाय १५ फुटांच्या जागा, त्यातच संसार आणि त्यातच धंदा. मतियास एकानोव्हे आणि राहुल श्रीवास्तव यांनी धारावीवर लिहिताना अशा घरांना ‘टूल-हाउस’ म्हटलं आहे. आमच्या गल्लीला हा शब्द ऐकूनही माहीत नाही, पण जरीकाम, शिलाई, चामडं, सुतारकाम अशा अनेक पोटांचा तो पत्ता आहे.

मोरबीची क्वार्ट्झ घड्याळं आली तेव्हा लंबक गेला. स्वस्त आणि अचूक वस्तू आली, गिऱ्हाइकानं ती घेतली, यात कोणाला दोष द्यायचा? माझी चिंता दुसरी आहे. पुनर्विकासात आम्हाला पक्कं घर मिळेल, संडास घरात येईल, आणि ते मिळायलाच हवं. पण सातव्या मजल्यावर करवत कुठे चालवू? भुसा कुठे टाकू? शेजारची बाळंतीण दुपारी झोपली असताना मोगरी कशी वापरू? वरच्या मजल्यांच्या नकाशात पलंगाची जागा आखलेली दिसते, बाकाची नाही. पुढच्या खोलीत रंध्याचा आवाज ऐकत मोठी झालेली पोरं हे काम शिकतात. ती बघणार नसतील, तर शिकवणीचा वर्ग काढूनही ते जमेल असं मला वाटत नाही.

सध्या बाकावर दादरच्या एका घरातलं घड्याळ आहे. पेटीचा तळ वाळवीनं खाल्ला होता, तो जुन्या चौकटीच्या सागातून नवा केला. फ्रेंच पॉलिश राहिलं आहे. पावसाळ्यात लावलं तर दमट हवेनं पांढरं पडतं, म्हणून दसऱ्यानंतर या, असं त्यांना कळवलं आहे.