जळण कोणाच्या बांधावरचे?

खेड्यातल्या घराने कोणते इंधन निवडावे, यावर शासनाची पत्रके निघतात, तज्ज्ञ बोलतात. मी ‘निवडावे’ या शब्दापाशीच अडतो. आमच्या वस्तीत जळण कोणी निवडले नाही. मिळेल तिथून आणि मिळू दिले तरच आणले. म्हणून आमच्या चुलीचा इतिहास जमिनीच्या मालकीपासून लिहावा लागतो.

माझे गाव कळमनुरी तालुक्यातले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आम्ही परभणीचे, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले. आज्याच्या महारकीत गावात उतरलेल्या अंमलदारासाठी लाकूडफाटा आणून फोडणे, मढ्याची लाकडे वाहणे ही कामे होती. गावाच्या चितेची लाकडे वाहणाऱ्याच्या घरी चुलीला मात्र काटक्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पण ते मुंबई इलाख्यापुरते. आमच्याकडे वेठ चालूच राहिली.

आईच्या काळात सुगीनंतर पऱ्हाट्या आणि तुराट्या, एरवी बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या. पऱ्हाट्या उपटायच्या मजूर बाईने, आणि त्यातला एक भारा न्यायला विचारायचे मालकाला. शेण गोठ्यातले असेल तर मालकाचे, रस्त्यावरचे आमचे. पावसाळ्यात ओले सरपण पेटेना. फुकणी फुकून आईचे डोळे लाल होत. धूर हे स्वयंपाकाचेच अंग आहे, असे आम्ही पोरे समजत होतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटवली गेली. आमची वस्ती जळाली नाही; पण तिच्यावर बंदी आली. शेतात पाय ठेवायचा नाही, बांधावरची काटकी उचलायची नाही. त्या दिवसांत आमच्या दाराची जुनी चौकट चुलीत जाताना मी पाहिली आहे.

पुढे १९८० नंतर गोबरगॅसचा मोठा प्रचार झाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. वस्तीत होत्या शेळ्या. गोठ्यातले शेण काढणारी आमची बाई आणि निळी ज्योत मालकाच्या घरात! १९८३ ला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्या चुलीने धूर बाहेर काढला असेल. जळण कुठून आणायचे, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते.

उत्तर गायरानात होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतून पडीक जमिनीचा प्रश्न उभा केला होता. त्याच वाटेने आमच्या वस्तीनेही पुढे गायरान वाहिले. पहिल्या सुगीला आईने अंगणात तुराट्यांची रास लावली आणि शेजारणीला म्हणाली, “ह्या आपल्या हायेत माय, कुनाला इचारायचं न्हाई.” १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. वस्तीतल्या काही घरांच्या सातबाऱ्यावर नाव अजून चढायचे आहे.

२०१६ ला उज्ज्वला योजना आली. गॅसजोडणी बाईच्या नावावर, आणि बांधावर कोणाची परवानगी नको. ही गोष्ट लहान नाही. पण १४.२ किलोच्या टाकीचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि मजुरी रोजाने येते. म्हणून वहिनीकडे चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी तुराट्यांवर. टाकी संपली की ती बाजेखाली सरकते.

चुलीवरची भाकरी गोड लागते, असे शहरातले मित्र म्हणतात. त्यांनी भर श्रावणात एकदा फुकणी हाती घ्यावी. इंधनाची निवड हा सल्ल्याचा विषय नाही. हातात पुरेशी मजुरी आणि पायाखाली नावावरची जमीन असली, तर आमच्या बायका निवड आपोआप करतील. तोवर निवडणारे दुसरेच राहतील.