बुळकांड्या

गाय, बैल, म्हैस इ. रवंथ करणाऱ्या समखुरी प्राण्यांना होणारा तीव्र, अत्यंत सांसर्गिक व बहुधा प्राणघातक व्हायरसजन्य रोग. मनुष्यास तो होत नाही. परंतु त्याच्या व्हायरसाचे गोवराच्या व्हायरसाशी निकटचे नाते आहे. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसरा, तर जनावरांच्या रोगांपैकी पहिलाच रोग होय.

साथींचा इतिहास : अठराव्या शतकात या रोगाच्या साथींनी यूरोपातील गोधनाचा मोठा संहार केला. पोपचे वैद्य जोव्हान्नी लान्चीसी यांनी रोगी जनावरे मारून पुरणे व जनावरांची ने-आण बंद ठेवणे हे उपाय सुचविले. या साथींना तोंड देण्याच्या गरजेतूनच ल्याँ (फ्रान्स) येथे १७६१ मध्ये पहिले पशुवैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. १८८७ च्या सुमारास रोग आफ्रिकेच्या ईशान्य भागात शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. बहुसंख्य गुरे मेली व पशुपालक जमाती अन्नाला मुकल्या. इथिओपियात मोठा दुष्काळ पडला.

भारतात नांगरट, मोट व वाहतूक ही सर्व कामे बैलांवर अवलंबून असल्याने साथीत दावण रिकामी झालेला शेतकरी कर्जबाजारी होई. जनावरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने १८७१ मध्ये आपला अहवाल सादर केला. १८८९ मध्ये पुणे येथे सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर या एकांत स्थळी हलविण्यात आली.

रोगकारक व त्याची क्रिया : जंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतूनही हा रोगकारक पार जातो, असे मॉरिस नीकॉल व आदिल बे यांनी १९०२ मध्ये दाखविले. हा रिबोन्यूक्लिइक अम्लयुक्त व्हायरस रोगी जनावराच्या स्रावांतून व श्वासावाटे निरोगी जनावराच्या नाका-घशात प्रवेश करतो. तेथील लसीका ग्रंथींत त्याची वाढ होते व रक्तावाटे तो सर्वत्र पसरतो. लसीका कोशिकांचा नाश झाल्याने शरीराची प्रतिकारशक्ती खालावते. तोंड व आतड्यांच्या अस्तरातील कोशिका मेल्याने तेथे व्रण पडतात. त्यामुळे प्रथम तीव्र ज्वर, मग डोळ्यानाकातून स्राव, लाळ गळणे व शेवटी दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित हगवण ही लक्षणे क्रमाने दिसतात. शरीरातील पाणी कमी होऊन लक्षणे दिसू लागल्यापासून बहुधा सहा ते बारा दिवसांत जनावर दगावते.

मात्र रोगातून वाचलेल्या जनावरास आयुष्यभर प्रतिरक्षा लाभते व ते रोगवाहक राहत नाही. शिवाय शरीराबाहेर व्हायरस फार काळ टिकत नाही आणि एकाच लसीने त्याच्या सर्व वाणांपासून संरक्षण मिळते. रोगाच्या निर्मूलनाची शक्यता या गुणधर्मांतच दडलेली होती.

निर्मूलन : मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात व्हायरस शेळ्यांत पुनःपुन्हा वाढवून लस तयार केली. भारतात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, पण काही जातींच्या जनावरांत तिची प्रतिक्रिया तीव्र होई. केन्यात वॉल्टर प्लौराइट यांनी १९६० च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडातील कोशिकांच्या संवर्धनात वाढविलेली लस अधिक निर्धोक ठरली.

लस हाती आली, तरी यश लगेच मिळाले नाही. आफ्रिकेत १९६२–७६ या काळात व्यापक लसीकरण झाले. परंतु रोगाची काही केंद्रे शिल्लक राहिली व पुढे दक्षता सैल झाल्याने १९८० नंतर तो पुन्हा उसळला. भारतात राष्ट्रीय मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली. तरीही रोग काही भागांत रेंगाळत राहिला. यावरून सरसकट लस टोचण्यापेक्षा प्रत्येक उद्रेकाचा माग काढणे व लसीकरण थांबवून रोग खरोखर गेल्याची खात्री करणे महत्त्वाचे ठरले. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये, तर जगातील शेवटचा ज्ञात रोगी प्राणी २००१ मध्ये केन्यातील रानरेड्यांत आढळला.

निर्मूलनानंतर जनावरांना ही लस टोचणे बंद झाल्याने त्यांच्यात या रोगाविरुद्ध प्रतिरक्षा उरलेली नाही. म्हणूनच प्रयोगशाळांतील व्हायरसाचे साठे नष्ट करणे वा मोजक्या सुरक्षित ठिकाणीच ठेवणे आवश्यक ठरले. शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या याच गटातील रोगाच्या जागतिक निर्मूलनाची योजना २०१५ मध्ये आखण्यात आली; तिला बुळकांड्याचाच अनुभव आधारभूत आहे.