शाहिरी परंपरा आणि ‘जय भीम कॉम्रेड’

महाराष्ट्रातील आंबेडकरी गायनपरंपरेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास साधनांची उणीव आरंभीच जाणवते. ही परंपरा बव्हंशी मौखिक होय. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा प्रबोधनासाठी वापरला. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते वस्तीवस्तीत पोचली. परंतु पुस्तिकांतून जे छापले गेले त्यात चाल उतरली नाही, आवाज तर नाहीच. या दृष्टीने आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा अनुबोधपट केवळ कलाकृती म्हणून नव्हे, तर इतिहासाचे साधन म्हणूनही तपासण्याजोगा आहे.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त होऊन जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व त्यात १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. मृत्युसमयी त्यांच्या डोक्यास निळी पट्टी होती. घोगरे अनेक वर्षे डाव्या चळवळीचे गायक होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निळ्या पट्टीचा अर्थ लावणे किती कठीण आहे ते कळते. चित्रपटाचे नावही हीच अडचण मांडते. ‘जय भीम’ हे एका समाजाचे अभिवादन, ‘कॉम्रेड’ हे दुसऱ्या गोटातील संबोधन. नित्याच्या बोलण्यात हे दोन शब्द क्वचितच शेजारी येतात.

पटवर्धनांना घोगरे परके नव्हते. ‘हमारा शहर’ (१९८५) या त्यांच्या पूर्वीच्या अनुबोधपटात घोगरे गाताना दिसतात. नव्या चित्रपटाचे काम १४ वर्षे चालले आणि त्याची लांबी तीन तासांहून अधिक झाली. ही लांबी काहींना खटकते. पण न्यायाची गतीच तशी होती. गोळीबाराशी संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये, आणि पुढे त्यास जामीनही मिळाला.

या दीर्घ काळात वस्तीने आपला शोक कसा वाहिला, हे चित्रपटातील गाण्यांवरून उमगते. येथे गीत पार्श्वसंगीत म्हणून येत नाही. गाणारा, त्याच्यासमोरचा समूह व ज्या प्रसंगासाठी गाणे रचले तो प्रसंग, ही तिन्ही एकत्र टिपलेली आहेत; छापील संहितेत नेमकी हीच हरवतात. या गाण्यांनी दुःख निवळते असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि एकट्या घरातील मृत्यू त्यांमुळे समूहाच्या स्मरणात जातो. शोक, उपहास आणि जयघोष एकाच बैठकीत नांदतात. संभाजी भगत यांच्या शाहिरीत तर हसू कोठे संपते व संताप कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण गायक येतात. २०११ मध्ये अटकेच्या भयाने त्यांपैकी काही भूमिगत झाले. शीतल साठे व सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर प्रकट झाले व अटक स्वीकारती झाली. चित्रपट पूर्ण झाला तेव्हा त्याचे गायक गाण्यास मोकळे नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत तो दाखविण्यात आला, तेव्हा पडद्यावरील गाणी ज्यांची होती तोच समाज प्रेक्षक म्हणून समोर बसला होता.