चूल मोडून उठावं

माझा आजा डांगी गुरं राखायचा. दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली की तो आणि भावकीतले तिघंजण गुरं घेऊन डोंगरात जायचे, ते पंधरा-पंधरा दिवस घरी येत नसत. संगं घोंगडी, कोयता, नाचणीचं पीठ, मिठाची पुरचुंडी आणि एक पातेलं. एवढाच संसार. चौघं निघायचे एकत्र, पण मुक्काम कधी एका जागी करत नसत. एका झऱ्यावर एकच कळप, असा त्यांचा नेम. अंधार पडला की आजी अंगणाच्या कडेला उभी राहून डोंगरातले जाळ मोजायची. चार जाळ दिसले की म्हणायची, "हायेत समदे," आणि मग घरात यायची.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर आणि साम्रदच्या बाजूला आमचं गाव. इथं दख्खनचं पठार संपतं आणि कडा तुटून खाली कोकण लागतं. शिवारात पडणाऱ्या पावसाची इथं वाटणी होते. एका अंगाचं पाणी रतनगडाच्या पायथ्याहून प्रवरेत जातं, पुढं टोक्याला गोदावरीला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागरात पोचतं. दुसऱ्या अंगाचं पाणी सांधणच्या घळीतून कोकणात उडी घेतं. ही घळ म्हणजे काळ्या कातळाला पडलेली भेग. हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घळीत काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडची भिंत हाताला लागते, आणि वर पाहिलं तर आभाळाची नुसती चिंधी दिसते.

असल्या मुलखात उघड्यावर झोपणं ही हौस नव्हती, ती रीत होती. गुराखी झोपत, हिरडा गोळा करणारे झोपत, मध काढणारे ठाकर झोपत. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांची माणसंही याच डोंगरांच्या आसऱ्यानं राहिली. राघोजी देवगावचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. २ मे १८४८ रोजी ठाण्याला त्यांना फाशी दिलं. आमच्याकडचे म्हातारे सांगायचे, बंडातली माणसं पांगून निजायची आणि पहाटे चूल मोडून, राख पसरून निघायची. माग राहिला तर शिपाई पोचतील म्हणून. गुराख्यांनी ही रीत त्यांच्यापासून घेतली की त्यांनी गुराख्यांपासून, कोण सांगणार! पण आजा उठताना चुलीचे तिन्ही दगड तीन दिशांना टाकायचा, राखेवर पाणी ओतायचा, ती हातानं चाचपून बघायचा. गवत वाळलेलं असतं. एक निखारा राहिला तर अख्खा सडा पेटतो आणि वर्षाची वैरण जाते.

मग धरण आलं. भंडारदऱ्याला प्रवरा अडवायचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. भिंत दगडी, २७० फूट उंचीची. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव मिळालं, तलावाला आर्थरचं. आजाचा बाप त्या कामावर दगड वाहायला होता. तो सांगायचा, मजुरांची पालं नदीकाठानं एकाला एक लागून होती. माणसाच्या एवढ्या गर्दीत झोपायची त्याची ती पहिली वेळ. "डोंगरात एकट्याला भ्या वाटलं नाय, तिथं वाटलं," असं तो म्हणायचा. एकाला हगवण लागली की पालांची ओळच्या ओळ आजारी पडायची, कारण सगळ्यांचं पाणी एक. पाणी साठलं तशी नदीकाठची रानं आणि मुक्कामाच्या जुन्या जागा तळाशी गेल्या. पाणी कालव्यानं खाली गेलं, खालच्या मुलखात ऊस झाला. आमच्या घाटघरला पाऊस पडतो ५००० मिलिमीटरच्या आसपास, पण चैत्र-वैशाखात बायामाणसं झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरतात. कातळावरनं पाणी वाहून जातं, थांबत नाही. म्हणून आमच्याकडं झऱ्याला एवढी किंमत.

१९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. चराईवर बंधनं आली, आजाचे मुक्काम कमी होत गेले. त्याच सुमाराला मुंबई-पुण्याची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन दिसू लागली. माझे वडील त्यांना वाट दाखवायचे. एका ऑक्टोबरात सहाजण आले. त्यांना सांधणच्या आत, वाळूवर झोपायचं होतं. वारा लागत नाही, जागा सपाट आहे, असं त्यांचं म्हणणं. वडील म्हणाले, "नको भाऊ. घळीतनं डोक्यावरचं आभाळ दिसतं, पण डोंगरामागं पाऊस कुठं पडतोय ते दिसत नाही." पोरं चिडली, पैसे दिलेत म्हणाली. वडिलांनी पैसे परत पुढं केले. शेवटी कुरकुरत ती वर माळावर झोपली. आमच्यावर थेंब पडला नाही. पण रात्री उशिरा घळीतून आवाज येऊ लागला, जात्यावर दळल्यासारखा. सकाळी वाळूची जागा कमरेएवढ्या पाण्याखाली होती. पोरांपैकी एकानं वडिलांच्या पायाला हात लावला. त्या रात्रीनं मला वाटाड्या केलं.

पण पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

तंबूंचा धंदा आला तसा मीही बारा तंबू आणले. तलावाच्या कडेला, आजाच्या झऱ्याच्या वर, सपाट जागा बघून एका ओळीत लावले. मे संपताना काजवे येतात तेव्हा तर गाड्यांची रांग लागायची. काजवा चमकतो तो जोडीदाराला हाक मारायला; आम्ही त्याच्यावर गाड्यांचे दिवे आणि स्पीकर सोडले. पैसा चांगला आला. घराला पत्रे झाले, बहिणीचं लग्न झालं, ते मी नाकारत नाही. पण तिसऱ्या वर्षी गाय झऱ्यावर गेली, पाणी हुंगलं आणि तोंड न लावता मागं फिरली. मी ओंजळीत घेतलं. वास येत होता. वरच्या अंगाला पन्नास माणसं शौचाला बसत होती, भांडी साबणानं झऱ्यातच धुतली जात होती. मला धरणावरच्या पालांची गोष्ट आठवली. पणजोबानं जे भोगलं, ते मी दाम घेऊन पुन्हा मांडलं होतं.

त्या पावसाळ्यानंतर मी सहा तंबू विकले. उरलेले दोन-दोन करून तीन जागी लावतो, तेही घरच्या रानातच. अभयारण्याच्या हद्दीत नाही. झऱ्यापासून दोनशे पावलं लांब, त्याच्या खालच्या अंगाला. शौचाला वीतभर खड्डा, वर माती. भांडी काठावर नाही धुवायची, पाणी लांब न्यायचं. एक जागा आळीपाळीनं वर्षभर रिकामी ठेवतो, गवत धरू देतो. स्पीकर नाही. चुलत भाऊ हसतो, "निम्म्या धंद्यावर पाणी सोडलंस." खरं आहे. हिशेबाला बसलो की मलाही टोचतं. त्याचे तंबू ओळीनं उभे आहेत आणि त्याच्या पोराच्या शाळेची फी वेळेवर जाते.

झरा सुधारायला दोन पावसाळे गेले. गाय आता पाणी पिते. आई थकलीय, पण संध्याकाळी अंगणात येऊन बसते. तलावाच्या पल्याड दिव्यांची माळच्या माळ लागलेली असते, ती कुणाला मोजता येत नाही. अलीकडं आमच्या रानात तीन ठिकाणी बारीक उजेड दिसतो. आई तेवढाच मोजते, आणि सकाळी मी पाहुण्यांना निरोप देण्याआधी चुलीचे दगड त्यांनाच उचलायला लावतो.