किती साठवले म्हणजे पुरे?

यंदाच्या कोजागरीला हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही दूध आटवत उभे होतो. आमचे बाबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले. बदाम-पिस्त्याचे काप करायचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. गप्पा नेहमीच्या वळणाने गेल्या. घराचे व्याज, मुलांचे कॉलेज आणि शेवटी रिटायरमेंट. कोणी म्हणाले दहा लाख डॉलर हवेत, कोणी म्हणाले वीस. एका मित्राने बाबांना विचारले, "काका, तुम्ही रिटायर झालात तेव्हा किती जमले होते हो?"

बाबांनी सुरी थांबवली. "जमवायचं कशाला? पेन्शन होती ना!"

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न घरी घेऊन आलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांना जो आकडा कधी काढावाच लागला नाही, तो आपल्याला रात्री जागून का काढावा लागतो? आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. अर्थशास्त्रात आमची गती बेताची, तरी या प्रश्नाचा इतिहास थोडा चाळला. तोच आज मंडळींपुढे ठेवत आहोत.

या हिशेबाचा एक जुना आणि चांगला धडा स्कॉटलंडमध्ये सापडतो. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी आपल्या मृत सहकाऱ्यांच्या विधवांसाठी निधी उभारला, आणि १७४४ साली त्याला कायद्याचे रूप मिळाले. कोलिन मॅक्लॉरिन या नामवंत गणितज्ञाने त्यांचे आकडे तपासून दिले. दरवर्षी साधारण किती उपदेशक मरतील, किती विधवा मागे राहतील आणि त्या किती वर्षे जगतील, याचा अंदाज बांधून त्यांनी वर्गणी ठरवली. यातले तत्त्व आम्हांला ओळखीचे वाटले. किरणोत्सारी पदार्थाचा एक अणू कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नाही, पण ढीगभर अणूंपैकी निम्मे किती काळात फुटतील हे बिनचूक सांगता येते. माणसांचेही तसेच. एकट्याचे आयुष्य कोडे असते, हजारांचे मात्र हिशेबात बसते.

पुढे सरकारे यात उतरली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. पेन्शनचे वय पासष्ट बिस्मार्कने ठरवले असे आपण ऐकतो, ते खरे नाही. मूळ कायद्यात वय सत्तर होते, पासष्ट झाले ते १९१६ मध्ये. अमेरिकेत रूझवेल्टनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली ती १४ ऑगस्ट १९३५ रोजी.

त्या योजनेतला मासिक पेन्शनचा पहिला चेक व्हरमाँट राज्यातल्या आयडा मे फुलर या बाईंना मिळाला. त्यांची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या या बाईंच्या पगारातून तीन वर्षांत एकूण २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते. ३१ जानेवारी १९४० चा त्यांचा पहिला चेक होता २२ डॉलर ५४ सेंटचा. बाई शंभर वर्षे जगल्या. १९७५ मध्ये वारल्या तोवर त्यांना सगळे मिळून २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले होते. समजा, सरकारने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले असते की तुमचे पैसे तुम्हीच सांभाळा, तर दुसऱ्या महिन्यातच डबा रिकामा झाला असता.

पण त्यांच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. १९४० पासून १९५० पर्यंत चेक तेवढाच राहिला. मधे महायुद्ध झाले, किराणा, कोळसा, कपडे सगळे महागले. १९५० मध्ये काँग्रेसने वाढ दिली तेव्हा कुठे तो ४१ डॉलर ३० सेंट झाला. महागाईप्रमाणे वाढ आपोआप मिळू लागली ती १९७५ पासून. थोडक्यात, पेन्शन जन्मभर मिळणे ही अर्धीच सोय. भाववाढीबरोबर ती वाढली नाही, तर जगणे लांबते आणि ताट लहान होत जाते.

बाबांच्या उत्तरातले मर्म आम्हांला इथे सापडले. त्यांची पेन्शन जन्मभर आहे, तिच्यावर महागाई भत्ता आहे आणि त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. "किती दिवस जगणार" आणि "भाव किती वाढणार" हे दोन्ही प्रश्न सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतले. म्हणून त्यांना आकडा लागला नाही.

अमेरिकेत खाजगी कंपन्यांनीही असे प्रश्न डोक्यावर घेतले होते, पण ते ओझे त्यांना पेलले नाही. स्टुडबेकर या मोटार कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला, तेव्हा चाळीस ते साठ वयाच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती हक्काच्या पेन्शनच्या जेमतेम पंधरा टक्के पडले. त्या हलकल्लोळाचा पुढे १९७४ च्या पेन्शन कायद्याला हातभार लागला. १९७८ च्या कर कायद्यात ४०१(के) हे कलम आले आणि हळूहळू कंपन्यांनी पेन्शनऐवजी तेच पुढे केले. वॉलेस-वेबस्टर यांनी हजारांसाठी मांडलेला हिशेब आता प्रत्येकाने एकट्यासाठी मांडायचा.

मग एकट्याने तो कसा मांडावा? विल्यम बेंगेन या सल्लागाराने, जो शिक्षणाने विमानशास्त्राचा इंजिनिअर, १९९४ मध्ये याचे उत्तर शोधले. त्याने १९२६ पासूनचे शेअर, रोखे आणि भाववाढीचे आकडे घेतले आणि दर वर्षी एक काल्पनिक माणूस निवृत्त केला. निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे सरकारी रोख्यांत. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे. कोणाचीही पुंजी तीस वर्षांच्या आत संपली नाही. सर्वांत ओढाताण झाली ती साठच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झालेल्यांची. मंदी आणि महागाई त्यांच्यावर एकदमच कोसळली. "वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट" हा जो ठोकताळा पॉटलकमध्ये ऐकू येतो, तो इथला.

उदाहरणार्थ, घरखर्च वर्षाला ६०,००० डॉलर आणि दोघांची सोशल सिक्युरिटी २४,००० धरली, तर तूट ३६,००० ची. तिला पंचवीसने गुणले की नऊ लाख. मात्र हे गणित तीस वर्षांचे आणि अमेरिकेतल्या भावांचे आहे. पंचेचाळिशीत निवृत्त होणाऱ्याला किंवा पुण्यात परतणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू नाही.

आपल्यासारख्यांसाठी आणखी एक मेख आहे. चाळीस क्वार्टर्स, म्हणजे दहा वर्षे भरली की सोशल सिक्युरिटी मिळते, एवढे आपल्याला पाठ असते. पण रक्कम ठरते ती सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर. विद्यार्थी व्हिसावरच्या वर्षांत बहुधा हा कर कापलाच जात नाही. आमची पीएचडीची सहा वर्षे तिथे शून्ये म्हणून बसली आहेत. आम्ही आमचे खाते उघडून पाहिले तेव्हा ती ओळीने दिसली. मंडळींनी आपापले खाते एकदा जरूर उघडून पाहावे. शून्ये पुसता येत नाहीत, पण पेन्शन सदुसष्टऐवजी सत्तराव्या वर्षी सुरू केली तर दरवर्षी आठ टक्के वाढते. ती वाढ जन्मभर मिळते आणि तिच्यावर महागाईची भरही पडते.

साताऱ्यातही काळ बदलला आहे. आमची धाकटी बहीण बाबांसारखीच मास्तरीण, पण ती २०१२ मध्ये लागली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले, त्यात तीही होती. म्हणजे आता दोन्ही भावंडांच्या वहीत तोच प्रश्न आहे.

हे सगळे परवा बाबांना वाचून दाखवले. पंचवीस पटीचे गणित त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "ते ठीक आहे रे, पण तुला महागाई भत्ता कोण देणार?"

आम्ही गप्प बसलो. नऊ लाख की दहा, यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. म्हणून आम्ही दोघांनी ठरवले आहे, आधी डाळ-तांदूळ, छप्पर आणि औषधे एवढा खर्च वेगळा लिहायचा, आणि तो जन्मभराच्या, महागाईबरोबर वाढणाऱ्या मिळकतीतून कसा भागेल ते पाहायचे. उरलेल्यासाठी पुंजी. वही उघडली आहे. पहिल्या पानावर बाबांचाच प्रश्न लिहिला आहे.