दिनविशेष – ८ मार्च १९२२ : राल्फ बेअर यांचा जन्म
घरच्या टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमचे जनक राल्फ बेअर यांचा आज जन्मदिन. जन्म जर्मनीतला, ज्यू कुटुंबातला. नाझी राजवटीत शाळेतून नाव काढले गेले आणि १९३८मध्ये घरच्यांसह त्यांनी अमेरिका गाठली. तिथे ते रेडिओ दुरुस्ती शिकले, पुढे इंजिनिअर झाले. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी टीव्हीवरच्या खेळांविषयी चार पानी टिपण लिहिले; त्यातूनच १९७२मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीची ‘ओडिसी’ बाजारात आली. आजच्या पोरांना हसू येईल असे यंत्र! आवाज नाही, रंग नाही, गुणही खेळणाऱ्यांनीच मांडायचे. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. टेनिसचे मैदान हवे तर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिक टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. खोक्यात चक्क फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. ओडिसी पुढे जर्मनीतही विकली गेली. नाव मात्र गाजले ‘अटारी’ कंपनीच्या ‘पाँग’ या टेनिससारख्या खेळाचे. तो ओडिसीवरच्या टेनिससारखाच असल्याने मॅग्नावॉक्सने पेटंटचा दावा ठोकला आणि १९७६मध्ये तडजोड होऊन अटारीला परवान्याचे पैसे मोजावे लागले. दिव्यांचा क्रम लक्षात ठेवायचा ‘सायमन’ हा खेळ घडवण्यातही बेअर यांचा हात होता. २०१४मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांचे निधन झाले.