बुलेटचा ब्रेक कोणत्या पायाला?

अब्बांच्या बुलेटला डिस्क ब्रेक लावायचं भावाने मनावर घेतलं, तेव्हा गॅरेजवाल्या चाचांनी आधी हँडल मोजलं. जुन्या इंग्रजी मापाने सात अष्टमांश इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. आजच्याही पुष्कळ गाड्यांचं हँडल याच मापाचं असतं, त्यामुळे नवा लिव्हर आणि मास्टर सिलिंडर तिथे आरामात बसतो. भाऊ खूश झाला. "वरचं सोपं आहे बेटा, अडचण खाली आहे," चाचा म्हणाले.

ड्रम ब्रेकमध्ये केबल ओढली की आतले दोन शू ड्रमला घासतात. डिस्कचं कॅलिपर मात्र फोर्कच्या नळीला पक्कं धरावं लागतं आणि जुन्या फोर्कला त्यासाठी जागाच ठेवलेली नाही. म्हणजे फोर्क बदला, मग चाकही बदला. १९६९च्या होंडा सीबी ७५०ला डिस्क कारखान्यातूनच आली; तिचा फोर्क त्यासाठीच घडवलेला होता.

पण भावाला डिस्क हवी कशाला होती? कुत्रं आडवं आलं आणि तो पडला होता. रोज तो नवी गाडी चालवतो. सवयीने उजवा पाय दाबला, आणि बुलेटवर तिथे ब्रेक नाही, गिअर आहे! गाडी थांबायची सोडून वरच्या गिअरात गेली.

ही उलटापालट ब्रिटिशांची. त्यांच्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या. १९५५ साली रेडिचच्या रॉयल एनफील्डने मद्रास मोटर्सशी भागीदारी केली आणि बुलेट मद्रासला बनू लागली, ती याच रचनेसह. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेने गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असा नियम केला. अमेरिकी गिऱ्हाईक सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून ट्रायम्फ आणि नॉर्टनने १९७५च्या सुमारास बाजू बदलल्या. आपल्या बुलेटवर तशी सक्ती नव्हती. ती आणखी कित्येक वर्षं जुन्याच चालीने चालली, आणि आपल्याकडच्या एका पिढीचे पाय त्यावरच घडले. अब्बांना कधी चुकून गिअर दाबताना मी पाहिलेलं नाही.

चाचांनी पुढच्या ब्रेकला नवे शू आणि नवी केबल टाकली, ड्रम घासून गोल केला. डिस्कचा विषय तिथेच संपला. भाऊ आता बुलेट बाहेर काढली की आधी आमच्या गल्लीत दोन चकरा मारतो, डाव्या पायाने ब्रेक दाबत. अब्बा खिडकीतून बघत असतात.